गाणी मेम्फिसची, सातबारा न्यूयॉर्कच्या नावावर

१९६८ च्या मे महिन्यात काळ्या गायकांच्या ‘सोल’ संगीतासाठी गाजलेल्या मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सने न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सशी असलेला वितरणाचा करार मोडला. मोडण्याचा निर्णय स्टॅक्सचा मालक जिम स्ट्यूअर्ट याचाच होता. अटलांटिक कंपनी विकली गेली होती, नव्या मालकांनी देऊ केलेली रक्कम त्याला अपमानास्पद वाटली, तेव्हा आपल्या टेपा घ्यायच्या आणि दुसरा वितरक बघायचा असा त्याचा सरळ हिशेब होता. करारातली कलमं नीट वाचली गेली तेव्हा कळलं की नेण्यासारखं काही उरलेलंच नाही. १९६० पासून स्टॅक्सने ध्वनिमुद्रित केलेली आणि अटलांटिकने बाजारात पोचवलेली सगळी गाणी, त्यांच्या मूळ टेपांसकट, अटलांटिकच्या मालकीची होती. त्यांचा मोठा गायक ओटिस रेडिंग याचं गाणं न् गाणं गेलं. स्टुडिओचा साथीचा वाद्यवृंद बुकर टी. अँड द एमजीज, कार्ला थॉमस, रुफस थॉमस, एडी फ्लॉइड, सगळ्यांचं काम गेलं. सॅम आणि डेव्ह ही जोडी तर माणसांसकट गेली, कारण ते मुळातच अटलांटिकचे गायक होते, स्टॅक्सकडे उसने दिलेले.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात फसलेले करार पुष्कळ आहेत. तरी हे प्रकरण मला वेगळं वाटतं. स्ट्यूअर्ट दिवसा बँकेत नोकरी करणारा माणूस होता. गहाणखत काय असतं, सहीची किंमत काय असते, हे त्याला रोज दिसत होतं. त्याने हा कागद न वाचता सही का केली, याचं उत्तर स्टॅक्सच्या स्टुडिओत गाणी कशी तयार होत त्यात सापडतं, आणि म्हणून आधी त्या स्टुडिओत जायला हवं.

स्ट्यूअर्ट टेनेसीतल्या मिडलटन गावचा, हौसेने फिडल वाजवणारा, कंट्री संगीतावर वाढलेला गोरा मुलगा. १९५७ मध्ये त्याने सॅटेलाइट नावाने लेबल काढलं. भांडवल नव्हतं. त्याची मोठी बहीण एस्टेल ॲक्स्टन, तीही बँकेतच नोकरीला, हिने आपलं घर गहाण टाकलं आणि त्या पैशातून अँपेक्सचं एक मोनो टेप रेकॉर्डर आलं. आधी मेम्फिसबाहेर ब्रन्सविक गावात एका रिकाम्या गोदामात काम चाललं. १९६० मध्ये त्यांनी दक्षिण मेम्फिसमध्ये मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्याने घेतलं. पूर्वीची गोरी वस्ती तिथून उठत होती आणि काळी कुटुंबं राहायला येत होती.

थिएटरच्या खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. पडदा होता त्या रंगमंचावर कंट्रोल रूम आली. सिनेमाचे जुने अवाढव्य स्पीकर जागेवरच होते, तेच मॉनिटर म्हणून वापरले. भिंतींवर जाड पडदे टांगले. छत उंच, जमीन तिरकी, त्यामुळे समोरासमोरचे समांतर पृष्ठभाग कमी, आणि आवाज एकाच जागी घुमत बसत नसे. प्रतिध्वनी हवा असला तर स्वच्छतागृहाचा उपयोग होई. ध्वनीला एक मीटर जायला सेकंदाचा सुमारे तीन हजारांश भाग लागतो. एवढ्या मोठ्या खोलीत ड्रमवाला एका टोकाला आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले दुसऱ्या टोकाला असले की हे अंतर कानाला जाणवू लागतं. अशा वेळी हेडफोनशिवाय वाजवणारे एकमेकांच्या हाताकडे बघून ठेका धरायला शिकतात. स्टॅक्सच्या गाण्यांत ठोका अगदी किंचित मागे रेलल्यासारखा वाटतो, त्यात या खोलीचाही वाटा आहे असं माझं मत आहे.

थिएटरच्या दारातला पॉपकॉर्न-गोळ्यांचा काउंटर होता, तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. इतिहासात या दुकानाची नोंद चुटपुटती होते, आणि ते अन्यायाचं आहे. शाळा सुटल्यावर पोरं तिथे येत, रेकॉर्ड ऐकत उभी राहत. कुठल्या गाण्यावर त्यांचे पाय हलतात हे एस्टेल बघायची आणि भावाला सांगायची. कच्चं ध्वनिमुद्रण दुकानात लावून बघायची. बुकर टी. जोन्स शेजारच्याच वस्तीतला, इथेच घुटमळणारा. पुढे आयझॅक हेजबरोबर सॅम अँड डेव्हची गाणी लिहिणारा डेव्हिड पोर्टर समोरच्या किराणा दुकानात काम करायचा. मोठ्या कंपन्यांना जी बाजारपेठ कागदावरच्या आकड्यांत दिसायची, ती एस्टेलच्या काउंटरसमोर उभी असायची.

पहिलं यश रुफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांच्या युगुलगीताला मिळालं. मेम्फिसमध्ये ते चाललं आणि अटलांटिकचा एक भागीदार जेरी वेक्सलर याच्या कानावर गेलं. त्याने हजार डॉलर देऊन ते गाणं देशभर वितरणासाठी घेतलं. १९६१ मध्ये कार्लाचं ‘जी व्हिझ’ पॉपच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी मार-कीज या वाद्यवृंदाची ‘लास्ट नाइट’ ही धून तिसऱ्या क्रमांकावर पोचली. तेवढ्यात कॅलिफोर्नियात सॅटेलाइट नावाची दुसरी कंपनी असल्याचं निघालं, म्हणून स्ट्यूअर्ट आणि ॲक्स्टन या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’ झालं. अटलांटिकशी असलेला व्यवहार या सगळ्या काळात तोंडी होता. मेम्फिसने गाणी करायची, न्यूयॉर्कने छापून विकायची, हिशेब पाठवायचा. वेक्सलर शब्दाचा माणूस आहे असं स्ट्यूअर्टला वाटत होतं, आणि पैसे येतही होते.

काम करण्याची रीतही तशीच, शब्दावर चालणारी. स्वरलिपी कोणी लिहीत नसे. गीतकार पियानोवर चाल ऐकवायचा, एमजीजमधला स्टीव्ह क्रॉपर गिटारवर एखादा तुकडा शोधायचा, त्यांचाच ड्रमवाला अल जॅक्सन ठेका बसवायचा, फुंकून वाजवायच्या वाद्यांचे तुकडे तिथल्या तिथे ठरायचे. ओटिस तर ते तुकडे स्वतः तोंडाने गाऊन दाखवायचा. मोनो टेप म्हणजे सगळं एकाच पट्टीवर. नंतर गायकाचा आवाज वर कर, ड्रम खाली घे, ही सोय नाही. एकाने चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात प्रत्येकाने दुसऱ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावाच लागतो. एमजीजच्या गाजलेल्या संचात दोघे काळे आणि दोघे गोरे होते. त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे चौघं बाहेर एका टेबलावर बसून जेवू शकत नव्हते. आत मात्र एकाच मायक्रोफोनभोवती कान लावून उभे असत.

‘ग्रीन ओनियन्स’चा जन्म १९६२ मध्ये एका अशाच मोकळ्या वेळेत झाला. ज्या गायकासाठी बोलावलं होतं त्याचं काही जमलं नाही, तोवर सतरा वर्षांचा बुकर टी. ऑर्गनवर एक धून घोळवत बसला. दुसऱ्याच एका धुनेच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला भर म्हणून ती टाकली, आणि तीच चालली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉर्जियातल्या मेकनहून गिटारवादक जॉनी जेंकिन्स आला. त्याच्यासोबत गाडी चालवत आलेला एक धिप्पाड तरुण सामान आत-बाहेर नेत होता. जेंकिन्सचं सत्र रंगलं नाही. उरलेल्या वेळात त्या तरुणाला गाऊ द्यावं असं ठरलं. बुकर टी. निघून गेला होता, म्हणून क्रॉपर पियानोवर बसला आणि चर्चमधल्या संथ तीन-तीनच्या लयीत सूर धरू लागला. ओटिस रेडिंगने ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ म्हटलं. त्या दिवशी ठरलेल्या वेळेत दार बंद करून सगळे घरी गेले असते, तर पुढचं बरंच काही घडलं नसतं.

अटलांटिकच्या बाजूने या खोलीची किंमत ज्याला सगळ्यात आधी कळली तो म्हणजे त्यांचा ध्वनितंत्रज्ञ टॉम डाउड. तरुणपणी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस १९६३ मध्ये मेम्फिसला आला तो यंत्र दुरुस्त करायला. यंत्र चालू झालं, रविवार होता, चर्च सुटल्यावर रुफस थॉमस डोकावला आणि ‘वॉकिंग द डॉग’ टेपवर उतरलं. नंतर १९६५ मध्ये डाउडने दोन ट्रॅकचं यंत्र आणलं. स्ट्यूअर्टचा जीव मोनोत अडकलेला, म्हणून त्याने अशी जोडणी केली की स्टॅक्सची ओळखीची मोनो टेपही निघेल आणि शेजारी स्टिरिओही. त्या जुलैमध्ये ओटिसची अख्खी एलपी जवळजवळ एका दिवस-रात्रीत मुद्रित झाली.

वेक्सलरही शिकायला येत होता. १९६५ च्या मेमध्ये त्याने विल्सन पिकेटला घेऊन ‘इन द मिडनाइट अवर’ मुद्रित केलं. चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका जरा उशिरा पडायला हवा हे त्याला शब्दांत सांगता येईना, तेव्हा तो कंट्रोल रूममधून बाहेर आला आणि तेव्हाचा एक नवा नाच करून दाखवू लागला. जॅक्सन आणि क्रॉपरने त्याच्या पायांकडे बघून तो उशीर नेमका उचलला. पुढची कितीतरी वर्षं स्टॅक्सचा ठेका तसाच पडत राहिला. ते गाणं क्रॉपर आणि पिकेट यांनी लोरेन मोटेलच्या खोलीत बसून लिहिलं होतं. काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसता येईल अशा मेम्फिसमधल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती.

याच मे महिन्यात तो कागद आला. अटलांटिक विकली जाणार अशी कुणकुण लागल्यामुळे स्ट्यूअर्टनेच लेखी कराराचा आग्रह धरला होता. त्याची चिंता एकच होती: वेक्सलर गेला तर आपलं काय? म्हणून वेक्सलर कंपनीत भागीदार राहिला नाही तर करार संपवण्याची मुभा आपल्याला असावी, असं कलम त्याने घालून घेतलं. ते मिळाल्यावर तो निश्चिंत झाला. वकिलाला कागद दाखवला नाही. मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे जाते, हे सांगणारा मजकूर त्याच कागदात पुढे होता.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. स्ट्यूअर्टने मागून घेतलेलं कलम माणसाबद्दलचं होतं आणि त्याने सोडून दिलेलं कलम वस्तूबद्दलचं. त्याच्या स्टुडिओत मोल माणसांचं होतं, टेप हे कालच्या कामाचं अवशेष होतं. १९६० च्या आसपास एका सिंगलचं, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डचं, आयुष्य काही आठवड्यांचं असायचं. जुनी गाणी वर्षानुवर्षं विकली जातील, एलपींचे संग्रह निघतील, सिनेमा-जाहिरातीत वापरली जातील, हे लहान लेबलच्या मालकाच्या डोळ्यांसमोर क्वचितच असे. न्यूयॉर्कच्या वकिलांच्या डोळ्यांसमोर ते होतं. पीक आपण काढलं, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते बघितलंच नाही, अशी ही गत.

१९६७ हे स्टॅक्सचं भरभराटीचं वर्ष. वसंतात त्यांचा सगळा ताफा युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि लंडन-पॅरिसमध्ये लोकांनी डोक्यावर घेतला. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात ओटिसने गोऱ्या तरुणांचा समुदाय जिंकला. सॅम अँड डेव्हचं ‘सोल मॅन’ घरोघरी वाजत होतं. ऑक्टोबरमध्ये वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सने १.७५ कोटी डॉलरला अटलांटिक घेतली. वेक्सलर नोकरीवर राहिला, मालक राहिला नाही. कलम लागू झालं होतं.

नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ओटिसने मॅक्लेमोरच्या स्टुडिओत बरीच नवी गाणी मुद्रित केली. त्यात समुद्राच्या धक्क्यावर बसलेल्या माणसाचं एक गाणं होतं, शेवटी शीळ असलेलं. १० डिसेंबरला विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ त्याचं विमान मोनोना तलावात कोसळलं. त्याच्यासोबत बार-कीज या साथीच्या वाद्यवृंदातले चार तरुण गेले. विमानातल्यांपैकी फक्त ट्रम्पेटवादक बेन कॉली वाचला. अटलांटिकला लगेच रेकॉर्ड हवी होती. क्रॉपरने मित्राच्या मृत्यूनंतरच्या त्या दिवसांत एकट्याने बसून गाण्याचं मिश्रण केलं, लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घातले आणि टेप न्यूयॉर्कला पाठवली. ‘डॉक ऑफ द बे’ पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते पहिलं गाणं. आणि ती टेपही करारानुसार न्यूयॉर्कचीच झाली.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती याच लोरेन मोटेलच्या सज्जात. मॅक्लेमोरच्या आसपास दुकानं जळली, स्टॅक्सच्या इमारतीला कोणी हात लावला नाही. पण आतलं वातावरण पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही, असं तिथल्या अनेकांनी नंतर सांगितलं आहे. त्यानंतर महिन्याभरातच टेपा गेल्याचं पक्कं झालं.

दोष कोणाचा? वेक्सलरने पुढे म्हटलं की ते कलम वकिलांनी घातलं होतं, आपल्याला त्याची कल्पना नव्हती, आणि ते अन्यायाचं होतं. टेपा परत करणं त्याच्या हातात उरलं नव्हतं आणि वॉर्नरने परत केल्या नाहीत. त्याचं म्हणणं खरं मानायला मी तयार आहे. पण मग प्रश्न असा की ज्या माणसाने त्या खोलीत येऊन ठेका शिकून घेतला, ज्याच्यावर समोरच्याचा भरवसा होता हे त्याला ठाऊक होतं, त्याने आपल्याच कंपनीने पाठवलेला कागद का वाचला नाही? दोघांपैकी एकानेही वाचला नाही, हे खरं असेल तर ज्याची बाजू दुबळी त्याचंच नुकसान होणार हे ठरलेलं होतं. स्ट्यूअर्टला नुसतं भोळा म्हणून सोडणंही मला पटत नाही. त्याच्या सहीवर फक्त त्याचं नुकसान अवलंबून नव्हतं. बहिणीने गहाण टाकलेलं घर, गायक, वादक, गीतकार या सगळ्यांच्या कामाचा तो विश्वस्त होता. वकिलाची फी हा त्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च ठरला असता.

गाणी गेली, तरी माणसं होती. १९६५ पासून कंपनीत आलेला अल बेल, आधीचा रेडिओ निवेदक, उंचापुरा आणि बोलघेवडा, त्याने सूत्रं हातात घेतली. गल्फ अँड वेस्टर्न या बड्या उद्योगसमूहाला कंपनी विकून भांडवल उभं केलं. जॉनी टेलरच्या ‘हूज मेकिंग लव्ह’ने स्टॅक्सच्या आधीच्या सगळ्या सिंगल्सपेक्षा जास्त खप गाठला. मग बेलने ठरवलं की गमावलेला संग्रह एका फटक्यात नव्याने उभा करायचा. १९६९ च्या मेमध्ये पंचवीसहून अधिक एलपी एकदम बाजारात आल्या. मागणी एवढी की कंपनीतल्या प्रत्येकाला एलपी करायला सांगितलं गेलं, त्यात आयझॅक हेजही आला. इतक्या एलपींत आपली एक पडली तरी चालेल म्हणून त्याने मनाला येईल ते केलं: चारच गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांहून लांब, त्यातला बराच भाग नुसतं बोलणं, खाली ऑर्गनचा एक सूर. ‘हॉट बटर्ड सोल’ दहा लाखांवर खपली. ती मुद्रित झाली मेम्फिसच्याच आर्डेंट स्टुडिओत आणि तंतुवाद्यांचा साज डेट्रॉइटमध्ये चढला. थिएटरच्या खोलीवर आता सगळं अवलंबून राहिलं नव्हतं. एस्टेल त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडली. १९७१ मध्ये बुकर टी. आणि क्रॉपरही गेलेले होते.

पुढची वर्षं बाहेरून झगमगती होती. हेजला ‘शाफ्ट’ या सिनेमाच्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं. २० ऑगस्ट १९७२ ला लॉस एंजेलिसच्या कलोसियममध्ये एक डॉलर तिकीट लावून स्टॅक्सच्या कलाकारांचा वॉटस्टॅक्स हा मोठा जलसा झाला, लाखभर लोक आले. बेल आणि स्ट्यूअर्टने कंपनी कर्ज काढून गल्फ अँड वेस्टर्नकडून परत घेतली होती. मग १९७२ मध्ये सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा करार झाला, तोही मुख्यतः तिथला प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस या एका माणसाच्या शब्दावर. १९७३ मध्ये सीबीएसने डेव्हिसला काढलं. नंतरच्या अधिकाऱ्यांना स्टॅक्समध्ये रस नव्हता. रेकॉर्डी गोदामात पडून राहू लागल्या, काळ्या वस्त्यांतल्या लहान दुकानांपर्यंत पोचेनात, आणि स्टॅक्सला मिळायच्या पैशांतला मोठा भाग अडकला. या वेळी कागद वाचलेला होता, वकीलही होते. तरी वेक्सलरच्या वेळी जी गाठ पडली तीच पुन्हा पडली: बाजारापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या हातात, आणि त्या दुसऱ्याकडचा ओळखीचा माणूस गेला की सगळं ठप्प. मला विचाराल तर १९६५ च्या सहीपेक्षा ही दुसरी वेळ जास्त क्लेशकारक आहे.

कंपनीवर आता मोठं कर्ज होतं ते युनियन प्लँटर्स बँकेचं, एस्टेल जिथे पूर्वी नोकरी करायची तीच. स्ट्यूअर्टने कंपनी वाचवण्यासाठी स्वतःची मालमत्ता तारण दिली आणि ती गमावली. १९ डिसेंबर १९७५ ला न्यायालयाच्या आदेशाने स्टॅक्सला टाळं लागलं. बेलवर बँकेच्या कर्जाबाबत खटला झाला, त्यातून तो निर्दोष सुटला. १९६८ नंतरच्या टेपा दिवाळखोरीत १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फँटसी रेकॉर्ड्सने घेतल्या, पुढे फँटसीसकट त्या काँकॉर्ड या कंपनीकडे गेल्या. थिएटरची इमारत एका चर्चच्या ताब्यात गेली आणि १९८९ मध्ये पाडली. २००३ मध्ये त्याच जागी तिच्या मापाबरहुकूम संग्रहालय उभं राहिलं, उतरत्या जमिनीसकट.

टेपांची फाळणी मात्र कायम राहिली. १९९१ मध्ये स्टॅक्सच्या सिंगल्सचा संपूर्ण संच सीडीवर निघाला, तो १९६८ पाशी थांबतो आणि त्यावर अटलांटिकचं नाव आहे. त्यापुढचे दोन संच १९९३ आणि १९९४ मध्ये आले, ते फँटसीचे. एकाच खोलीतल्या त्याच ड्रमवर अल जॅक्सनने १९६८ च्या मार्चमध्ये वाजवलेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाजवलेलं असं दोन्ही वापरायचं असेल, तर आजही परवानगीसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांना पत्र लिहावं लागतं.